तानाबाईंच्या श्वासाची पडताळणी

राजारामपुरीतल्या श्वसन साहाय्य कक्षाच्या एक गंभीर बाब लक्षात आली. दम्याचे फुकट पंप अख्खा जिल्हा तांबड्या रश्श्यासारखे भुरकत होता. जोरात ओढलं की औषध घशालाच चिकटतं, फुप्फुसं बिचारी उपाशी. म्हणून फर्मान निघालं: नवा पंप हवा, तर सावकाश, खोल श्वास घेऊन दहा सेकंद रोखून दाखवा. नियम डॉक्टरांचा, अगदी रास्त. पण रास्त गोष्ट कचेरीच्या तावडीत सापडली की तिचं मातेरं ठरलेलंच.

शाहूपुरीच्या तानाबाईंचा पंप आदल्या दिवशीच संपला होता. कक्ष तिसऱ्या मजल्यावर, कारण वर हवा चांगली असल्याचा अहवाल होता. चारदा बसत, छातीतली शिट्टी ऐकत बाई कशाबशा वर पोचल्या. त्यांनी सरावाच्या रिकाम्या पंपातून हळूच श्वास ओढला आणि रोखला. चौथ्या सेकंदाला लिपिक उदयसिंहांनी नाव विचारलं. तोतया श्वास घेऊन जाऊ नये म्हणून ओळख त्याच वेळी पटवायची, असं परिपत्रक होतं. बाईंनी नाव सांगितलं, श्वास सुटला, नापास.

दुसऱ्या खेपेला बाई ओठ घट्ट मिटून बसल्या. उदयसिंहांनी तीनदा पुकारलं आणि 'अर्जदार गैरहजर' असा शेरा मारला.

"अवं, तुमच्याफुडंच बसलीया की मी."

"आत्ता हायसा. तवा न्हवतासा."

तोतया चालत नसला, तरी प्रतिनिधी चालत होता. शेजारी आकाराम, विहिरीत बुड्या मारणारा गडी, सोबत आला होताच. नाव तानाबाईंनी सांगितलं, श्वास आकारामनं मिनिटभर रोखला. उदयसिंह खूश झाले आणि पंप आकारामच्या हातात ठेवला. पडताळणी ज्या फुप्फुसांची, औषध त्यांनाच.

तानाबाईंचे ओठ आता निळे पडायला लागले होते. आकाराम घाबरला. त्यानं पाठमोरं होऊन पंप गुपचूप बाईंच्या हाती दिला. तेवढ्यात रांगेतून एक सज्जन शांतपणे म्हणाले, "सायेब, पंप दुसऱ्याला दिला बघा. आमी काय येडं म्हनून हुबं हाय व्हय?"

उदयसिंहांनी पंप जप्त केला. तानाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. रांग एका माणसानं पुढं सरकली आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं. तुम्हांलाही वाटलंच असतं की. तुमचा नंबर बाईंच्या मागंच तर होता.