पक्षात नसल्याचा दाखला

मुलीचे लग्न रविवारवर आले आणि घरात तळणापुरतेही तेल नव्हते. रुमेनाने नवऱ्याच्या हातात रिकामा डबा दिला. "पेन्चो, तेल घेऊनच ये. व्याह्यांपुढे काय उकडलेलं ठेवू?"

कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीला वळसा घालून रांग लागली होती. कामेनिक गावात आधी रांगेत उभे राहायचे, मग चौकशी करायची. दाराशी शिपायाने पेन्चोला सत्त्याऐंशी नंबरचा बिल्ला दिला. पुढे खुद्द तेलगिरणीचे साहेब, कॉम्रेड झाप्रियानोव्ह.

"साहेब, काय देतायत?"

साहेबांनी बुटांकडे पाहिले. "कळेल, तुझा नंबर लागला की."

हेडमास्तर गप्प, डॉक्टरही गप्प. पेन्चोची खात्रीच पटली. गिरणीचा साहेब स्वतः रांगेत उभा आणि वर एवढी गुप्तता, म्हणजे तेलच. तेही परदेशी धाडायचे, उंची.

अडीच तासांनी खिडकी आली. आतून कारकून झ्लात्काबाईंनी हात पुढे केला. "लाल पुस्तक?"

"कसलं?"

"पक्षाचं. राजधानीत, सोफियात, मोठे साहेब पायउतार झाले, आता सगळे सदस्यत्व परत करतायत. टाका तुमचं."

"बाई, मी कधी सदस्यच नव्हतो. तीनदा अर्ज केला, तीनदा फेटाळला. सामुदायिक गोठ्यात गाय जमा करताना रडलो होतो ना मी."

"मग बिल्ला कशाला घेतलात? सत्त्याऐंशीसमोर मी काय दाखवू?"

"रिकामं सोडा."

"रिकामं? चाळीस वर्षांत या कचेरीत एक रकाना रिकामा राहिलेला नाही." बाईंनी कागद ओढला, 'पेन्चो स्तामेनोव्ह हे पक्षात कधीही नव्हते' असे लिहिले आणि वर गोल शिक्का हाणला.

रुमेनाने तो कागद उलटसुलट पाहिला. "हा तळू का आता?"

कागदाची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. शनिवारी दार वाजले. झाप्रियानोव्हसाहेब उभे, दोन्ही हातांत तेलाचे डबे.

"पेन्चोजी, तुम्ही बरे आहात ना?"

गेल्या वीस वर्षांत साहेबांच्या तोंडून 'तुम्ही' पहिल्यांदाच निघाले होते.

"सोमवारपासून नवी समिती कोण कोण पक्षात होतं ते पाहून एकेकाची खुर्ची तपासणार आहे. अख्ख्या गावात शिक्क्यानिशी स्वच्छ माणूस तुम्ही एकटे."

"मग मी काय करू?"

"काही नको हो. उद्या लग्नाचा फोटो निघेल, तेव्हा मला शेजारी उभं करा. खांद्यावर हात टाकलात तर आणखी एक डबा."

मागोमाग हेडमास्तर साखरेचे पोते घेऊन आले, डॉक्टर डुक्कर घेऊन. फोटोत पेन्चोभोवती नऊ साहेब आले. नवऱ्या मुलाची नुसती टोपी आली.

पाहुणे पांगल्यावर रुमेनाने कोठीघर न्याहाळले. तेलाचे अजून दोन डबे भरलेले होते.

"पेन्चो, समितीचं काम आटपायच्या आत थोरल्या पोराचंही लग्न उरकून घेऊ या."

"अगं, त्याचं सहा वर्षांपूर्वीच झालंय."

"झालंय रे. पण फोटो कुठे चांगला आला होता?"