गिरणीच्या भिंतीवरचे तात्या

आमच्या गावात सगळ्यात जास्त चुकीचं कोण लिहायचं, तर धोंडूतात्या. आणि लिहायचे कुठं? माझ्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर!

आमचे मालक वारल्यावर गिरणी मीच चालवत होते. एक दिवस येऊन बघते तर बाहेरची भिंत काळी कुळकुळीत रंगवलेली, आणि तात्या हातात खडू घेऊन उभे. म्हणाले, "सरू, इतकं पावसाळं बघितलं. गावाला त्येचा काय उपेग नको व्हय?"

तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवर एक ओळ. सुरुवात ठरलेली. "अनुभवाने सांगतो, खेकडे पौर्णिमेला धरावेत. भरलेले असतात."

आता बोला! पौर्णिमेचा खेकडा पोकळ असतो, हे मुळशीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दुपारच्या आत चार माणसं तावातावानं टेकाडावर, तात्यांच्या घरी. तात्या गुळाचा चहा टाकायचे आणि हट्टाला पेटायचे. "आरं, तुमी कालची पोरं. बसा हितं, सांगतो." मग दिवेलागणीपर्यंत ओट्यावर नुसती जुंपलेली.

पेरणीआधी भाताचा राब, म्हणजे रोपांची जागा, पालापाचोळा जाळून भाजू नये, असं लिहिलं तेव्हा तर अख्खी आळी चालून गेली. गंमत म्हणजे तात्यांचा स्वतःचा राब सगळ्यांच्या आधी भाजलेला असायचा, आणि त्यांच्यासारखा आंबेमोहोर शिवारात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी म्हणायची, म्हाताऱ्याला चळ लागलाय.

एकदा लिहिलं, "नाचणीचं पीठ गार पाण्यात मळावं." झालं! शेजारच्या घरात सोलापूरकडची नवी सून आली होती. तिला ज्वारी ठाऊक, नाचणी कुठली ठाऊक असायला? बिचारीनं इमानेइतबारे गार पाण्यात पीठ मळलं. भाकरीचे तुकडे तुकडे. सासूनं असं फैलावर घेतलं, की पोरगी गिरणीत येऊन हमसून हमसून रडली. तात्या तेव्हा बाहेर भिंतीपाशीच होते. त्यांनी सगळं ऐकलं. लगेच ओळ पुसली आणि लिहिलं, "गार नव्हे, उकळतं पाणी. चूक माझी."

त्या दिवसापासून भिंतीवर सगळं बरोबर यायला लागलं. लोक वाचायचे, मान डोलवायचे, दळण उचलायचे आणि आपापल्या घरी जायचे. टेकाडावर कुणी फिरकेना.

पुढं तात्यांचं दळण गिरणीत तसंच पडून राहिलं, म्हणून मीच घेऊन गेले. ओट्यावर कप पालथे मांडलेले, वर धूळ. तात्या खांबाला टेकून बसलेले. मला रागच आला. "तात्या, एवढं सगळं ठावं व्हतं, तर इतके दिस उलटं का लिवलं?"

तात्यांनी एक कप उचलला आणि उपरण्यानं त्यावरची धूळ पुसली.

"तुजी काकी व्हती ना सरू, मी व्हय म्हनलं की ती न्हाई म्हनायची. सकाळधरनं निजंपातूर. लई भांडायची. ती गेल्यापास्नं ह्या घरात मला न्हाई म्हनाया कुनी न्हाई. बरूबर लिवलं की मानसं वाचून जात्यात. चुकलं की येत्यात."

मालक गेल्यापासून माझ्याही भाजीला कुणी खारट म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर होतं, "अनुभवाने सांगतो, खेकडे अमावस्येला धरावेत." अगदी बरोबर, एका अक्षराला बोट ठेवायला जागा नाही. मी गिरणीचं इंजिन बंद केलं, पदर खोचला आणि टेकाड चढले.

"तात्या, साफ चूक हाय तुमचं!" अंगणातूनच ओरडले.

तात्यांनी वर बघितलं. मला खरं काय ते ठाऊक आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उपरण्यानं डोळे पुसत ते उठले आणि कप विसळायला घेतले.

"चूक? कालची पोर तू! बस हितं, सांगतो."