डोळे मिटून जा

वजनमापं खात्यातले निरीक्षक भलतेच चोखंदळ. बाजारात आधी तराजूकडे बघायचे, मग कांद्यांकडे. त्यामुळे बायकोच्या पोटात उजवीकडे कळ आली आणि ती म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात जाऊ या," तेव्हा त्यांनी हातच वर केला.

"त्या पोरगेल्या डॉक्टरकडे? मिशी तरी फुटलीय का त्याला? तू पड जरा. मी चार जणांना विचारून येतो."

बायको पडली. (तिला उभं राहवत नव्हतंच.)

शेजारच्या काकूंचं मत ठाम होतं. "चौकातलं मोठं हॉस्पिटल. डोळे मिटून जा. आमचे हे तिथेच गेले."

"मग बरे झाले?"

"गेले म्हणते ना! पण डॉक्टर काय गोड बोलायचे हो!"

न्हाव्यानं पुलापलीकडचं नर्सिंग होम सुचवलं. त्याच्या वडिलांना तिथे खिडकीजवळची खाट मिळाली होती. "अगदी शांतपणे गेले," वस्तरा पुसत तो म्हणाला. हेडक्लार्कनं तिसऱ्याच हॉस्पिटलाची तारीफ केली. "जागा प्रशस्त. मेहुण्याच्या वेळी शववाहिका थेट दारापर्यंत आली."

बरं होऊन घरी आलेला माणूस काही निरीक्षकांना भेटेना. ते विचारत राहिले.

परतले तेव्हा दार सताड उघडं होतं. चादर जमिनीवर ओढलेली, बायकोची एक चप्पल जिन्यात उलटी पडलेली.

"रिक्षावाल्यानं उचलून नेलं," काकू रडत म्हणाल्या. "कोपऱ्यावरच. शुद्ध नव्हती तिला."

निरीक्षक धावत सुटले. पोरगेला डॉक्टर घामाघूम होऊन ऑपरेशन थिएटरबाहेर आला.

"अपेंडिक्स फुटलं होतं. पू पोटभर पसरलाय. सकाळीच आणलं असतं तर साधं काम होतं. आता सांगता येत नाही."

जन्मभर मापात रतीचीही सूट न देणारा हा माणूस पुढे कित्येक दिवस 'सांगता येत नाही' एवढ्यावर जगला. रडू आलं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा.

ती वाचली. निम्मी झाली होती, पण बोलू लागली. एक दिवस वॉर्डात आलेल्या एका बाईंनी निरीक्षकांना गाठलं. "भाऊ, आईला दाखवायचंय. कसं आहे हो हे हॉस्पिटल?"

निरीक्षकांनी घसा खाकरला. तोवर खाटेवरून बारीक आवाज आला.

"मला विचारा, ताई. ह्यांचं अजून ठरायचंय."