उभ्याने पाहुणचार

"मामा, जरा थांबवा नं गाडी," अश्विन म्हणाला, आणि खापा पाच किलोमीटरवर असताना लहानूमामांनी गाडी कडेला घेतली.

"आता काहून?" इंदूबाईंनी घड्याळ पाहिलं. मुलाला घेऊन मुलगी पाहायला त्या नागपूरहून खाप्याला निघाल्या होत्या आणि अकराची वेळ दिलेली होती.

पण नोव्हेंबरातलं ते रानच तसं होतं. एका बाजूला कपाशी फुटलेली, दूर कन्हानच्या काठाला पांढरा कास, आणि मधल्या पडीक जमिनीवर कमरेएवढं गवत, उन्हात तांबूस सोनेरी. अश्विनच्या ऑफिसातला एक जण महिनाभर परदेशातल्या लाल-पिवळ्या झाडांचे फोटो ग्रुपवर टाकत होता. आपल्याकडची पानगळ फेब्रुवारीतली, शरदाचा रंग चढतो तो गवताला, हे अश्विनला त्याला पुराव्यासह दाखवायचं होतं.

"बस त्याच्यात," मामा मोबाइल धरून म्हणाले. "उभा राहिला की विजेच्या खांबासारखा दिसून राहिला तू."

अश्विन बसला. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, एक हसत. फोटो खरोखर सुंदर आले. उठल्यावर कळलं की गवत कुसळी होतं. मुद्दाम सीताबर्डीहून आणलेल्या काळ्या पँटमध्ये, मागच्या बाजूला, शंभरेक कुसळं रुतली होती. उपटलं की शेपूट हातात येई, टोक आतच राही.

"ओल्या रुमालानं पुसते, निघते थे," इंदूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाण्याची अर्धी बाटली त्या कामी लावली.

पाच मिनिटांनी मागच्या सीटवरून अश्विन म्हणाला, "माय, हे फिरून राहिलं. आत घुसून राहिलं."

"मनाचं आहे तुह्या. तिथं चुपचाप बसजो."

नेमकं तेच जमण्यासारखं नव्हतं. खाप्याला मुलीचे वडील बाबाराव यांनी "जय भीम, या या" म्हणत खुर्ची पुढे केली. अश्विन टेकला आणि ताडकन उठला.

"बसा नं," बाबाराव म्हणाले.

"नाही, उभाच बरा आहे."

"उभा काहून?"

अश्विनने मामांकडे पाहिलं. मामांना गप्प राहणं कधीच जमलं नव्हतं. "तो मोठ्या माणसापुढं बसत नाही, बाबारावजी. लहानपणापासूनचं वळण आहे."

बाबाराव निवृत्त मुख्याध्यापक होते. "पाहुणा उभा अन् मी बसू?" म्हणत ते गुडघ्यावर हात रोवून उठले. यजमान उठले म्हणून मामा उठले. सगळे उठले म्हणून इंदूबाईही उठल्या. चौघांनी टीपॉयभोवती उभं राहून पोहे खाल्ले. पोह्यांवरची तिखट तर्री सांडू नये म्हणून सगळे पुढे वाकले होते. दर दोन मिनिटांनी बाबाराव वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत होते, पण बसायला कुणीच सुरुवात करेना.

मुलगी, मोनाली, चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "निघाले का तुम्ही?"

"नाही, नाही!" चौघे एकदम म्हणाले.

"तुम्ही दोघं अंगणात बोला," बाबाराव घाईने म्हणाले. निदान मुलगा बाहेर गेला की टेकता येईल, हा त्यांचा हिशोब होता. पण मामा आणि इंदूबाई तसेच उभे राहिले. वळण घरचं होतं, ते त्यांनाही पाळणं भाग होतं.

मोनाली सावनेरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. अंगणात तिने अश्विनला मागून पाहिलं आणि ओठ दाबले. "कुसळीत बसले होते काय?"

"रंग मस्त होता."

"ओलं केलं?"

"आईनं पुसलं."

"अरे बाप्पा! वाळलेल्या कुसळाले पीळ असते. पाणी लागलं की पीळ सुटते, कुसळ फिरते, अन् टोक आत जाते. बी जमिनीत असंच शिरते." तिने एक कुसळ उपटून चहाच्या बशीत ठेवलं, वर पाण्याचा थेंब सोडला. कुसळाचं शेपूट हळूहळू फिरू लागलं.

अश्विन दुखणं विसरला. "एका फेरीले किती वेळ लागते?"

"कधी मोजला नाही."

दोघांनी बशीवर वाकून मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या फेरीला दीड मिनिट लागलं. दुसरीला जास्त लागलं, म्हणून तिसरीही पाहिली. मग मोनालीने त्याला वडिलांची लुंगी आणून दिली आणि पँट स्वतः झटकून दोरीवर टाकली.

लुंगीतला अश्विन आत आला आणि सुटकेच्या भरात खुर्चीत ऐसपैस बसला.

उभे असलेले तिघे त्याच्याकडे बघत राहिले.

"वळण सुटलं वाटते," बाबाराव म्हणाले.

मोनालीने कुसळांचं सगळं सांगून टाकलं. मामा खिडकीबाहेर पाहू लागले. जमत आलेली सोयरीक खोटेपणाने गेली, असं समजून इंदूबाईंनी पर्स उचलली.

बाबाराव मात्र दणकन खुर्चीत बसले. "हात्तीच्या! मी तर नाही म्हणायचं ठरवून राहिलो होतो. असा जावई घरी आला की माह्या गुडघ्याचं काय?"

"मंग आता?" इंदूबाईंनी विचारलं.

"मले काहून विचारता? पोट्टीले विचारा."

"मले चालते," म्हणत मोनाली अश्विनशेजारच्या खुर्चीत बसली आणि ताडकन उठली. पँट झटकताना उडालेली कुसळं तिच्या ड्रेसला चिकटली होती.

"काय झालं गं?" बाबाराव दचकले.

"काही नाही, बाबा. उभीच बरी आहे."

मामा खिडकीपासून वळले. "पाहा इंदू, लागलं आपल्या घरचं वळण."