आक्कांच्या नावे दूध उतरले, त्या मोहिमेची हकीकत

शके १९२८, वैशाख मासी, करवीर प्रांती दूधसंघावर जे संकट गुजरले आणि ते ज्या मसलतीने निवारले, ते येथे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घालावे लागलेच नाही.

संघाची ठाणी दोन. शाहूपुरीच्या कचेरीत चेअरमन राजमान्य राजश्री हंबीरराव आणि गडमुडशिंगीच्या डेअरीवर व्हाइस चेअरमन पंचाक्षरी. दोन्ही ठाण्यांत एकेक सर्वर, म्हणजे संघाचे सारे दफ्तर पोटात बाळगणारा मातबर संगणक. शाहूपुरीत नोंद पडे, तिची नक्कल तत्क्षणी गडमुडशिंगीस जाई, की एक पडला तरी दुसऱ्याने कारभार ओढावा. ही तजवीज संगणक अधिकारी दानेश्वरीबाईंची. मग बाईंनी अर्ज गुजारला, की एकोणीस संकलन केंद्रे आणि डेअरीचे फाटक, येथील संगणकांत दोन्ही सर्वरांची नावे लिहावी; पहिल्याने ओ न दिल्यास दुसऱ्यास हाक जावी. अर्ज रास्त होता, म्हणून भांडण लागले. पहिले नाव कोणाचे?

हंबीरराव वदले, "पयलं नाव शाहूपुरीचंच."

पंचाक्षरी वदले, "आणि आमी लग्नपत्रिकंत किलबिल मंडळीत बसायचं व्हय?"

मग तीन सभा जाहल्या, मिसळीची पातेली खर्ची पडली, आणि ठराव ऐसा जाहला, की विषय पुढील सभेपुढे ठेवावा. तोवर शाहूपुरीचे जुने नाव तेवढे असो द्यावे. येणेप्रमाणे दुसऱ्या सर्वरास दसऱ्यास हार मिळे, हळदकुंकू मिळे, परंतु त्याचा पत्ता एकाही केंद्रास ठाऊक नव्हता.

आणि वैशाख वद्य पंचमीस, सकाळी सात वाजता, विजेचा दाब चढून शाहूपुरीचा सर्वर धारातीर्थी पडला. गडमुडशिंगीच्या फाटकावर कॅनांनी भरलेले चौदा ट्रक खोळंबले. संगणकी नोंदीवाचून थेंब उतरवू नये, ऐसे खुद्द चेअरमनांचे फर्मान. फाटकावरचा संगणक भिंतीपलीकडच्या जिवंत सर्वरास सोडून तीन कोसांवरच्या मृतास हाका मारीत बसला. ऊन चढले, आणि दुधास आंबूस वास सुटू लागला.

शिरोळकडील ट्रकवाला केरबा फाटकावर उभ्या दानेश्वरीबाईंवर गर्जला, "ओ बाई, दूध नासाय लागलं की! तुमच्या कांप्युटरला सुतक हाय काय?"

बाईंनी चेअरमन हुजुरास फोन लावला, की फाटकावर गडमुडशिंगीचे नाव घालण्यास परवानगी असावी. हुजुरांचे उत्तर आले, "एकदा नाव लागलं, की निघत न्हाय. जरा दम धरा." दूध दम धरीना.

मग बाईंस एक युक्ती सुचली, की केंद्रांस दोहोंपैकी कोणाचेच नाव देऊ नये; तिसरेच एक नाव द्यावे, आणि जो सर्वर जागा असेल त्याने त्या नावास ओ द्यावी. परंतु नाव ऐसे पाहिजे, की ज्यापुढे दोन्ही सरदारांची मान वर होऊ नये. ऐसे नाव साऱ्या संघात एकच. संस्थापिका बायडाबाई ऊर्फ आक्का, वय वर्षे नव्वद, यांस फोन गेला. सर्वर म्हणजे काय, हे त्यांनी पुसलेही नाही.

"घाल माजं नाव. आणि त्या दोगास्नी सांग, दूध नासलं तर दोगांच्याबी डोस्क्यावर वततो."

हे फर्मान दोन्ही ठाण्यांत पोचताच उभयतांस आक्कांचे नाव अत्यंत समयोचित वाटले. बाईंनी फाटकावर 'आक्का' लिहिले, मग केंद्रोकेंद्री फोन करून तेच लिहविले. आक्कांच्या नावे हाक गेली, गडमुडशिंगीने ओ दिली, आणि साडेनवाचे आत चौदाही ट्रकांचे दूध उतरले. केरबाचे तीन कॅन तेवढे नासून कामी आले.

आठा दिवसांनी शाहूपुरीचा सर्वर दुरुस्त होऊन आक्कांच्या चाकरीस रुजू जाहला. तेव्हा विजयाप्रीत्यर्थ शाहूपुरीत सत्कार समारंभ योजिला. बाईंस गुलाबाचे एक फूल मिळाले. सर्वरास हंबीररावांनी स्वहस्ते नारळ देऊन लोकरी शाल पांघरविली, पंख्याच्या जाळीसकट, आणि भाषणास आरंभ केला. तिसऱ्या मुद्द्यास सर्वर उष्म्याने मूर्च्छित पडला. त्याच क्षणी आक्कांच्या नावास गडमुडशिंगीहून ओ गेली, एकोणीस केंद्रांत एकही माप अडले नाही, आणि ही अदलाबदल दानेश्वरीबाईंखेरीज कोणासही कळली नाही. बाईंनी टाळ्या वाजविल्या.

संघाच्या इतिवृत्तात नोंद आहे ती ऐसी: 'सत्कारास उत्तर देतेसमयी शाहूपुरीचा सर्वर भारावून निःशब्द झाला.'