कणकेतले स्क्रू

मेश्राम काकांनी भरदुपारी कणीक भिजवायला सांगितली, की समजावं, ही पोळ्यांसाठी नाही. आज कुणाचं तरी यंत्र उघडणार. मिक्सर असो नाहीतर टेपरेकॉर्डर, काका स्टीलच्या ताटात कणीक थापायचे आणि जो स्क्रू जिथून निघेल तो कणकेत त्याच जागी खुपसायचे. वरचा वर, खालचा खाली. काम झालं की कणीक फेकून द्यायची. सोसायटीत सगळे म्हणत, मेश्रामांच्या घरच्या पोळीत लोह भरपूर. काकांना त्याचं काही वाटत नसे.

रिटायर झाल्यावर दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ते शहराबाहेर इंदिरापुरमला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हा इथे चारी बाजूंना क्रेन उभ्या होत्या, रोज एका नव्या मॉलची जाहिरात लागत होती आणि वीज मात्र मनाला येईल तेव्हा जात होती.

काकांची दुसरी खोड म्हणजे धावतं वर्णन. मी दारात पाऊल ठेवलं की ते खणखणीत आवाजात सुरू करत, "माधुरी आली. हातात डबा आहे. डावीकडच्या खुर्चीत बसते आहे." मी बसायची ती त्यांनी आधीच जाहीर केलेल्या खुर्चीत, नाइलाजानं. चहा आला की "कप टेबलाच्या उजव्या कडेला" हेही सांगून व्हायचं. जन्मभर मीटिंगांची टिपणं लिहिलेला माणूस, सवय जात नसेल, असं मी धरून चालले होते. सुमनकाकू हे सगळं शांतपणे ऐकायच्या. त्या एका मंत्रालयात टायपिस्ट होत्या आणि अजूनही रोज संध्याकाळी बंगलोरच्या नातीला मेल लिहायच्या. त्यांची बोटं काय चालायची! उत्तर आलं की काका ते मोठ्यानं वाचून दाखवायचे.

हे मेल ज्या कॉम्प्युटरवर चालायचे तो मुलीनं कधीकाळी पाठवलेला होता. पडदा, मशीन, सगळं एकाच गुबगुबीत खोक्यात. एका सकाळी तो सुरूच होईना. बटण दाबलं की आतून बारीक टिकटिक, आणि संपलं. काकूंचं बोलणंच आटलं. संध्याकाळ झाली की त्या टेबलाशी जाऊन नुसत्या बसायच्या. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, नवा लॅपटॉप घेऊन देते. काका म्हणाले, बिल्कुल नाही. मीही समजावून पाहिलं, तर माझ्यावरच उखडले. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुखणं त्यांनी शोधलं होतं. आतला पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज पचवून मशीनला भरवणारा पत्र्याचा डबा, तो गेला होता. तसा डबा आता बनत नव्हता. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात एक दुकानदार म्हणाला, "अंकलजी, इसको म्यूज़ियम में दे दो." काका म्हणाले, "बेटा, पुराना तो मैं भी हूँ." नंतर रोज मेट्रो आणि ऑटो बदलत ते तिथल्या गल्ल्या पालथ्या घालत राहिले, आणि शेवटी पडदा फुटलेल्या एका जुळ्या मशीनमधून चालू डबा काढून घेऊन आले. लग्नाची खरेदी करून आल्यासारखा तो त्यांनी मला दाखवला.

रविवारी ऑपरेशन. पलंगावर पानिपतहून आणलेलं जाड ब्लँकेट अंथरून त्यावर मशीन पालथं घातलं. वायर आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. वीज आत दबा धरून बसते, लगेच हात घालायचा नाही, हे त्यांनी मला निदान दहादा ऐकवलं. स्क्रू निघत गेले, ताटातल्या कणकेत बसत गेले. काही लांब, काही आखूड. लांब स्क्रू आखुडाच्या जागी गेला तर थेट पडद्यात घुसतो, म्हणे. जुना डबा निघाला, नवा बसला, वायरी जुळल्या. झाकण लावायला घेतलं तोवर रात्र झाली होती, आणि दिवे गेले.

थंडीचे दिवस, बाहेर मिट्ट काळोख. मी मेणबत्ती शोधायला उठले.

"बस गं," ताटाशी बसलेल्या काकू म्हणाल्या. "कशाला हवी मेणबत्ती?"

कणकेवरून त्यांची बोटं फिरल्याची चाहूल लागली. "खालचा उजवा. लांब आहे, धरा." काकांचा स्क्रूड्रायव्हर फिरला. "त्याच्या वरचा. आखूड." एकही चुकला नाही, एकही खाली पडला नाही. मी पलंगाच्या कडेला बसून दोघांचं काम नुसतं ऐकत होते.

शेवटचा स्क्रू बसला आणि दिवे आले. काकांनी आणि मी डोळे किलकिले केले. काकूंनी नाही.

"आले का हो दिवे?" त्यांनी विचारलं.

समोरासमोर राहून मला काही कळलं नव्हतं.

"आले," काका म्हणाले. मशीन उचलून टेबलावर ठेवलं, वायर लावली. "सुमन, तू कर."

काकूंचा हात मशीनच्या कडेवरून थेट मागच्या बटणावर गेला. पंखा घरघरला, ओळखीचा सूर वाजला, पडदा उजळला. काकांनी दोन्ही हात वर केले. "पानिपतावर जिंकलो, यार!" काकू खळखळून हसल्या आणि त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

काका मला दारापर्यंत सोडायला आले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "डबीतले स्क्रू तिला मिळत नाहीत, बेटा. कणकेतले मिळतात. या मशीनची फट न् फट तिला पाठ आहे. एवढं एक काम ती कुणाला न विचारता करते. ते कसं जाऊ देऊ?" आणि कुणाला सांगू नकोस, तिला कीव आवडत नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा आत टायपिंग जोरात चाललं होतं. काकांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "काकू, माधुरी आली. हातात डबा आहे. डावीकडच्या खुर्चीत बसते आहे."

काकांनी ती खुर्ची माझ्यासाठी पुढे सरकवली.