तात्यांचा बिबो

आमच्या आरोंद्यात भिकातात्यांनी कुणाला "बरा आसा मा?" असे विचारल्याचे मला आठवत नाही. ते विचारत, "खंय दुखता?" आणि उत्तराआधीच खिशातला बिब्बा चाचपत.

लग्न होऊन मी या वाडीत आले, तेव्हा बघावे त्याच्या अंगावर काळा डाग. यजमानांच्या खांद्यावर, सासूबाईंच्या गुडघ्यावर, शेजारच्या बैलाच्या मानेवरसुद्धा. सगळी तात्यांची कामगिरी.

दाभणाला टोचलेला बिब्बा ते दिव्यावर धरायचे. तेल सुटले की दुखऱ्या जागी चटका. दुसऱ्या दिवशी तिथे फोड, सूज आणि जीव नकोसा करणारी खाज. माणूस कळवळला की तात्या खूश. "उतलो म्हणजे लागू पडलो!" आजारापेक्षा इलाज भयंकर, दुसरे काय!

पण मग फोड बसेपर्यंत तात्या रोज तिन्हीसांजेला करवंटीत खोबरेल घेऊन हजर. कोंबडीच्या पिसाने हलकेच तेल लावायचे आणि घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून खाडीच्या गोष्टी सांगायचे. पलीकडे फिरंगी मुलखातले दिवे लागत, पाणी काळोखत जाई आणि तात्यांचा आवाज जणू त्या पाण्यावरूनच येई. खाज विसरून माणसे पेंगू लागत. मीही पेंगले आहे, खोटे कशाला बोलू?

एकदा मात्र सासूबाईंचा गुडघा पिकला, ताप भरला. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी आम्हालाच फैलावर घेतले. ही बातमी फिरली आणि अख्खी वाडी एकदम ठणठणीत झाली. तात्यांनी विचारावे, "खंय दुखता?" आणि घराघरांतून उत्तर यावे, "खंय नाय, तात्यानू!"

बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. कुणाच्या खळ्यात बसायला तात्यांना आता निमित्तच उरले नाही. सासूबाईंच्या गुडघ्यापायी तात्यांवर धरलेला माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटू लागले.

एका संध्याकाळी ते मान खाली घालून आमच्या दारावरून चालले होते. सासूबाईंनी हाक मारली, "तात्यानू, माजी पाठ दुखता!"

मी डोळे वटारले. तात्या थबकले. लुगड्याखालून दिसणाऱ्या, सासूबाईंच्या गुडघ्यावरच्या त्या व्रणाकडे त्यांनी पाहिले.

"नको वैनी," ते हळूच म्हणाले. "माजो बिबो वायट उतता."

"बिबो कोण मागता? बसा थंय. सून चाय करता."

तात्यांनी चहा संपवला. उठून निघाले, ते पायरीवर घुटमळले.

"वैनी, उद्या पण दुखतली मा पाठ?"

"दुखतली तर!" सासूबाई म्हणाल्या. "एका दिवसात काय ती बरी होवची नाय."